ढेरीची वसुली

आपल्याकडे दुसऱ्याचा पगार विचारताना माणूस निदान घसा तरी खाकरतो. मुलीचं लग्न अजून का जमलं नाही, हे विचारण्याआधी पाण्याचा एक घोट घेतो. दुसऱ्याच्या पोटाविषयी बोलताना मात्र त्याला कसलीही पूर्वतयारी लागत नाही. मी काउंटरवर बसलेला असतो, समोर रांग असते, आणि पासबुक पुढे सरकवता सरकवता खातेदार म्हणतो, "काय साहेब, सुटलात की हो!" सुटलात! जसा काही मी येरवड्याहूनच आलोय. मागचे सात जण आपापली कामं विसरून माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघू लागतात. वास्तविक त्याच क्षणी त्या गृहस्थाच्या खात्यातली शिल्लक माझ्या डोळ्यांसमोर असते. पण मी कधी मोठ्यानं ओरडलोय, "काय हो, आटलात की!" म्हणून? आम्ही नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केलेली असते. पोटाच्या बाबतीत मात्र सगळा महाराष्ट्र बेधडक आहे.

एके काळी 'तब्येत सुधारली' ही स्तुती होती. जावई दोन दिवस राहून परत निघाला की सासूबाई त्याच्या गालांकडे समाधानानं पाहायच्या. आता त्याच गालांकडे पाहून लोक तोंडात मारल्यासारखा चेहरा करतात आणि एखाद्या आहारतज्ज्ञाचा नंबर पाठवतात.

गैरसमज नको. माझा व्यायामाला विरोध नाही. हृदयाला, सांध्यांना, झोपेला आणि डोक्याला हालचाल लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. मी दिवसातले आठ तास खुर्चीत बसणारा माणूस आहे. ते मला मान्य नसून सांगणार कुणाला? माझं भांडण आहे ते वसुलीच्या भाषेशी. व्यायामाचं नाव निघालं की आपल्याकडची चांगली चांगली माणसं एकदम वसुली अधिकाऱ्यासारखी बोलायला लागतात. "काल लग्नात दोन जिलब्या हाणल्यात ना? मग आज घाम गाळा!" म्हणजे जिलबी हे कर्ज, घाम हा हप्ता आणि शरीर म्हणजे तारण ठेवलेलं घर. हप्ता चुकला की समाजाचा माणूस दाराशी हजर.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. नावे आणि जमा यांचं मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच अधिकारानं सांगतो की जेवणाचं ताट ही खतावणी नव्हे. आमचे एक सहकारी बटाटेवडा हातात घेतला की तो किती पावलांचा, याचा हिशोब फोनवर काढतात. हिशोब होईपर्यंत वडा गार होतो. मग ते गार वडा खातात, त्याबद्दल हळहळतात आणि संध्याकाळी तोंड पाडून चालायला जातात. एका माणसानं एकाच वड्यात खाण्याचाही आनंद घालवावा आणि चालण्याचाही, याला आमच्या शास्त्रात दुहेरी तोटा म्हणतात.

ही खोड आपल्याला लागली कुठे? माझं उत्तर स्पष्ट आहे : शाळेत. आठवून पाहा, शाळेत आपल्याला पहिली उठाबशी कुणी आणि कशासाठी काढायला लावली? गृहपाठ केला नाही, म्हणून. सतराचा पाढा सतरा साती पाशी अडला, म्हणून. कान धरून दहा. कंपास विसरला तर मैदानाला तीन फेऱ्या. शेजारच्याशी बोललात तर बाकावर हात वर करून उभे. ज्याचा पाढा पाठ होता, त्याला गुरुजी कधी म्हणाले नाहीत की, "शाब्बास! बक्षीस म्हणून तू दहा उठाबशा काढ." हुशार मुलगा जागेवर बसून राहायचा. बसून राहणं हा मान आणि हलणं ही शिक्षा, हे आपण दहा वर्षं अगदी मन लावून शिकलो. मग पुढे चाळिशीत डॉक्टर म्हणतात, "रोज थोडा व्यायाम करा", तेव्हा आतला तो चौथीतला मुलगा दचकून विचारतो, "का? मी काय केलं?"

खेळाच्या तासाचं तर बोलायलाच नको. वेळापत्रकात तो असायचा आणि प्रत्यक्षात गणिताच्या सरांचा पोर्शन राहिलेला असायचा. जे काही खेळ झाले, त्यात दोन कप्तान उभे राहून एकेक गडी मागून घेत. शेवटी जो उरे त्याला दोन्ही बाजू एकमेकांवर ढकलत : "तूच घे की!" हे वाक्य ज्यानं ऐकलंय, त्याला पुढे ट्रॅकसूट कितीही भारी आणून द्या, मैदानात शिरताना त्याचा पाय अडखळायचाच.

आणि शिक्षेचा हा विचार काही आपल्या गुरुजींचा स्वतःचा नव्हे. आज लोक मोठ्या कौतुकानं ज्या ट्रेडमिलवर पळतात, तिच्या नावाचं मूळ तुरुंगात आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरनं कैद्यांसाठी एक प्रचंड चाक तयार केलं. कैद्यांनी दांडी धरून त्या चाकाच्या पायऱ्या तासन्‌ तास चढायच्या; चाक फिरत राहायचं, कैदी तिथल्या तिथेच. काही ठिकाणी त्यावर धान्य दळत किंवा पाणी चढवत, आणि पुष्कळ ठिकाणी नुसताच वारा दळत. १८९५ साली शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डच्याही पायांखाली ते आलं. शेवटी १८९८ च्या कायद्यानं इंग्लंडनं ते मोडीत काढायला घेतलं, कारण ते अमानुष आहे असं त्यांच्या ध्यानात आलं. आता ते घरपोच मिळतं, आणि आम्ही त्यासाठी सुलभ हप्त्यांचं कर्जही देतो. (पुढे त्यावर टॉवेल वाळत घालतात. माझ्या मते त्या यंत्राचा सर्वांत माणुसकीचा उपयोग तोच.)

आधुनिक व्यायामशाळेत मीही जाऊन आलो आहे. कुठल्या ते विचारू नका. आत शिरल्याबरोबर चारही भिंतींना आरसे. न्हाव्याकडे आरसा असतो तो समजू शकतो. इथे एकाच माणसाच्या चार ढेऱ्या चार दिशांनी चालून येतात. भुवयांत चाकरीची मिजास असलेला एक तरतरीत मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, "काका, टार्गेट काय आहे?" तिथेच माझा उत्साह निम्मा झाला. मुख्य कचेरीकडून ठेवींचं टार्गेट, कर्जाचं टार्गेट, विम्याच्या पॉलिश्यांचं टार्गेट ऐकून ऐकून कान किटलेला माणूस संध्याकाळी सहा वाजता पदरचे पैसे मोजून आणखी एक टार्गेट विकत घेतो, याला काय म्हणावं? त्या मुलाचा दोष नाही. त्यालाही वरून टार्गेट असणारच. वर्षाची फी आगाऊ आणि परतावा नाही. ही व्यवस्था पाहून मात्र माझ्यातला बँकवाला थक्क झाला. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय धरतात. तिथे जानेवारीत उघडलेलं खातं फेब्रुवारीत निष्क्रिय होतं आणि ठेव परत मागायला कुणी येत नाही, कारण ठेवीदारालाच स्वतःची लाज वाटत असते! लाजेवर चालणारा इतका भक्कम धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरं प्रकरण दहा हजार पावलांचं. आमच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ रात्री पावणेअकराला गॅलरीत येरझाऱ्या घालताना दिसतात. तीनशे साठ पावलं कमी पडलेली असतात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाला प्रदक्षिणा घालत होते. मुलीकडच्या मंडळींना वाटलं, काही नवस असेल. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषींनी सांगितला म्हणून मी चौकशी केली. तो निघाला जपानचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तिथे कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. गोल आकडा, कानाला बरा, जाहिरातीला उत्तम. नाव आधी आलं आणि शास्त्र मागाहून धावलं. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची पावलं मोजून पाहिली. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण चांगलंच कमी निघालं, आणि साधारण ७५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. म्हणजे रात्री पावणेअकराच्या त्या तीनशे साठ पावलांनी खालच्या मजल्यावरच्यांची झोप तेवढी गेली.

तिसरा आकडा बी.एम.आय.चा. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, उत्तर आलं की माणूस पास किंवा नापास. हे सूत्र १८३० च्या दशकात आडोल्फ केटले या बेल्जियन गृहस्थांनी मांडलं. ते डॉक्टर नव्हते. खगोल आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय. त्यांना हवा होता लोकसंख्येतला सरासरी माणूस. तुमच्या-माझ्या तब्येतीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बी.एम.आय. हे नावदेखील १९७२ साली चिकटलं. या आकड्याची खरी गंमत आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपला आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. पण युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ताळेबंदाची शेवटची बेरीज तीच आणि आतली पानं निराळी! आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, याचं कोडं त्यात आहे. तेव्हा जाड माणसाला टोमणे मारणाऱ्या बारीक मंडळींनी जरा दमानं घ्यावं. वजनकाटा दाखवतो ती वह्यांमधली एक ओळ. तेवढ्यावर मी कुणाला कर्ज मंजूर करणार नाही आणि कुणाचं नामंजूरही करणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं? लोक चेष्टा करतात, करू द्यावी. व्यायामाला थोडी जरब लागतेच. हे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. आमच्या कर्ज विभागात एक मॅडम आहेत. अंगानं स्थूल, कामाला वाघ. रोज संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर अर्धा तास चालायच्या. साडी नेसून, पायांत साध्या चपला. कुणाला त्रास नाही. कट्ट्यावरची पोरं हसायची, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. मग एका हितचिंतकानं (हा प्राणी कट्ट्यावरच्या पोरांपेक्षा धोकादायक) त्यांना मध्येच थांबवून सांगितलं, "ताई, असल्या चालण्यानं तुमचं काही होणार नाही. तुम्हाला पळायला पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून बाई मैदानावर गेल्या नाहीत. दीड वर्षानं रक्तात साखर निघाली. चालणं थांबलं म्हणूनच निघाली, असं मी म्हणणार नाही; मी बी.कॉम. आहे, एम.बी.बी.एस. नव्हे. पण डॉक्टरांनी कागदावर काय लिहून दिलं, तर 'रोज अर्धा तास चालणे.' तो कागद आम्हाला दाखवून त्या एवढंच म्हणाल्या, "चालत होते की हो मी." आता जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर जुन्या खतावण्यांच्या खोलीसमोर जो बोळ आहे, तिथे त्या एकट्या चालतात. कुणी जिना चढून आलं की थांबतात आणि काहीतरी शोधल्यासारखं करतात.

जरबेनं माणसं मैदानावर येतात, हा माझ्या मते आपल्यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. जरबेनं ती बोळात जातात.

बरं, शास्त्र तरी जरब करा म्हणतंय का? १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसगाड्यांवरची माणसं तपासली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दुमजली बसचे जिने वरखाली करणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी निघाला. एकाही कंडक्टरनं छाती पुढे काढून 'मी व्यायाम करतो' असं म्हटलेलं नव्हतं. तो आपला तिकिटं फाडत होता आणि जाता जाता एखाद्या म्हातारीशी दोन शब्द बोलत होता. पुढे १९५६ साली मॉरिस आणि मंडळींनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या विजारींची मापं पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या. शिंपीखात्याच्या वहीतून वैद्यकशास्त्र काढणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्याच अभ्यासात पोस्टमनही होते, आणि त्यांच्या तुलनेला घेतलेल्या बैठ्या मंडळींत (इथे मी खुर्चीत जरा सावरून बसलो) कारकून. पोस्टमन जिंकले. मुंबईची जुनी लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची धावली, तेव्हा लोकांनी हार घातले, फोटो काढले. मला त्या जिन्याचं वाईट वाटलं.

जागतिक आरोग्य संघटनाही आता फार सौम्य बोलते. आठवड्याला मध्यम श्रमाची दीडशे ते तीनशे मिनिटं हालचाल पुरे. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवीत, अशी अट होती. २०२० मध्ये तीही काढून टाकली. तुकड्यातुकड्यांनी भरा, चालेल. आठवड्याची एकूण मिनिटं १०,०८०. त्यातली दीडशे म्हणजे दीड टक्का! इतक्या कमी दराची, अटी नसलेली, मुदतपूर्व बंद केली तरी दंड नसलेली योजना मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही. आणि अशा योजनेचा प्रचार आपण शिव्या देऊन करतो.

हालचालीतली मजा काय असते, हे आपल्याला परदेशातून शिकावं लागत नाही. माझी आजी श्रावणात मंगळागौरीला रात्र रात्र फुगड्या घालायची, झिम्मा, पिंगा, सगळं. पहाटे घसा बसलेला आणि डोळे चमकत असलेले. तिला जर कुणी म्हटलं असतं, "वा, आज चांगला कार्डिओ झाला," तर तिनं त्याच्या अंगाला अंगारा लावला असता. आषाढात आळंदीहून पंढरपूरला माणसं सुमारे २५० किलोमीटर चालत जातात. वाटेत रिंगणात सत्तरीचे वारकरी फुगड्या घालतात. पावलं कुणी मोजत नाही. सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाणाऱ्याला आमचे वडा-हिशोबी सहकारी म्हणतात, "मग उपयोग काय चढून? मिळवलं ते घालवलं." अहो, पिठलं-भाकरी होती म्हणून तर तो चढला!

सूर्यनमस्कारवाल्यांशीही माझं वैर नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर नमस्कार घातले, प्रजेला घालायला लावले, आणि १९३८ साली त्यावरचं पुस्तक थेट लंडनमध्ये निघालं. राजेसाहेबांना त्यात आनंद होता. ज्याला आहे त्यानं जरूर घालावेत. फक्त बारा झाल्यावर खाली उतरून, दूध आणायला निघालेल्या माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहू नये. मीही चालतच निघालेलो असतो.

माझी मागणी तशी छोटी होती. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की, संध्याकाळी सहा ते नऊ गच्ची सर्वांसाठी उघडी ठेवावी. मुलं खेळतील, बायकांना चार पावलं मोकळेपणानं चालता येईल, आमच्यासारखे पडेल तसं बॅडमिंटन खेळतील. बघायला कट्टा नाही आणि आरसा नाही. प्रास्ताविकातच कुणीतरी विचारलं, "मोठी माणसं उड्या मारणार? मग स्लॅबचं काय?" हे विचारताना त्यांची नजर माझ्याकडे होती. पाऊण तास गळती, पाण्याची टाकी आणि वाळवणाचे पापड यांवर चर्चा झाली. आमची ही शेवटच्या रांगेतून म्हणाली, "अहो, आधी एक महिना उघडून तरी बघा!" त्याला चार बायकांनी अनुमोदन दिलं, पण ते इतिवृत्तात आलं नाही. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. ती मागायला मी तीनदा संध्याकाळी गेलो, आणि तिन्ही वेळा त्यांच्या घरून एकच उत्तर मिळालं : ते जिमला गेलेत.